तुम्ही पिशवीतून आणलेल्या विटा

आबा,

परवा संध्याकाळी लेकीचा फोन आला होता. ती आता जुन्नरला असते. जावई तिथं शाळेत शिकवतात. दोघांनी गावाबाहेर थोडी जागा घेतलीय, पाया भरून झालाय, आता विटा घ्यायच्यात. म्हणाली, "आई, वीट चांगली का वाईट हे बघायचं कसं गं? इथं जो तो आपल्याच भट्टीचं गुणगान करतोय." मी भाकरीचं पीठ मळत होते. हात तसाच परातीत ठेवून तिला सांगत बसले. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघ, खणकन वाजली पाहिजे, भद्द आवाज आला तर सोडून दे. नखानं ओरखडून बघ. कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडून बघ. एखादी फोडून आतला रंग बघ, मधे पिवळट राहिली असेल तर ती नीट भाजलेली नाही. आणि मुख्य म्हणजे रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, घाई करू नकोस. ती म्हणाली, "तुला एवढं कसं काय माहीत?" मी म्हटलं, "आपलं घर बांधलं तेव्हा कळलं." तेवढ्यात तिच्याकडं कुणीतरी आलं आणि फोन बंद झाला. हाताला पीठ वाळून घट्ट बसलं होतं. ते खरवडता खरवडता माझ्या लक्षात आलं, की मी तिला विटांचं सगळं सांगितलं आणि तुमचं काहीच सांगितलं नाही. म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही होता तेव्हा मी तुमच्याशी कधी सलग बोलले नाही. सासऱ्यापुढं सुनेनं बोलायची तेव्हा रीतही नव्हती. आता बोलते.

तुमचा मुलगा कावीळ होऊन गेला तेव्हा आपल्या लेकीला नुकतं स्पष्ट बोलता यायला लागलं होतं. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी नुकतंच आपल्या शिवारात आलेलं, त्या वर्षी पहिल्यांदाच आपण उन्हाळ्यात हिरवं रान बघत होतो, आणि घरात मात्र कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आत्याबाई पोटच्या पोराच्या दुःखात चुलीपुढं बसून राहायच्या, दूध उतू गेलं तरी त्यांना कळायचं नाही. धाकटे भाऊजी दिवसभर रानात. मी मधल्या खोलीत, भिंतीला टेकून. तुम्ही ओसरीवरून आत-बाहेर करायचा, दारापाशी थांबायचा, आणि काही न बोलता परत फिरायचा. तुमच्या चपलांचा आवाज थांबला की मला कळायचं तुम्ही दारापाशी आहात.

वर्षश्राद्ध झालं आणि माझा भाऊ मला न्यायला आला. आईनं निरोप पाठवला होता की पोरीला तिथं ठेवून काय करायचं, धाकट्याचं लग्न होईल, दुसरी सून येईल, मग हिला कोण बघणार. खोटं काही नव्हतं त्यात. मी माझी लुगडी आणि लेकीची झबली बोचक्यात बांधत होते, भाऊ ओसरीवर चहा पीत होता, आणि तुम्ही अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मी बोचकं घेऊन उंबऱ्यात आले तेव्हा तुम्ही वर न बघताच माझ्या भावाला म्हणालात, "पावणं, चहा घ्या, जेवा, आन मग निवांत जावा. पर ही कुठं जायाची न्हाई."

भाऊ म्हणाला, "आबा, तुमच्या मनात वाईट काय नाय, ते ठावं हाय आमाला. पर उद्या घरात दोन बायका झाल्या की..."

"व्हय की. म्हणून तर म्हंतुय. हिला वेगळं घर बांधायचंय मला. रस्त्याच्या कडंला, आपली बराख हाय तिथं. इटांचं."

शेंगा फोडायचं तुम्ही थांबवलं नाहीत. आत आत्याबाईंच्या हातून काहीतरी पडलं. मी बोचकं धरून तशीच उभी. मला वाटलं माझी समजूत काढायला बोलताय. बराख म्हणजे आपली कांदा साठवायची जागा, गावातली सगळ्यांत मोक्याची, तिच्यावर भाऊजींचाही डोळा होता. पण पुढच्याच आठवड्यात तुम्ही भाऊजींना सोबत घेऊन घोडेगावला कचेरीत गेलात आणि ती जागा माझ्या नावावर करून आलात. संध्याकाळी भाऊजींनी स्वतःच बराखीची कुडं उपसायला घेतली. मला तेव्हा त्यांचं कौतुक करता आलं नाही, आता करते. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक.

तुम्हाला विटांतलं काही कळत नव्हतं, आबा. आपलं जुनं घर दगडमातीचं, तुमच्या आज्याच्या वेळचं. तुम्हाला कांद्याचं बी कळायचं, बैलाचे दात कळायचे, आभाळ बघून चार दिवसांचं सांगता यायचं. वीट म्हणजे लाल असली की झाली, एवढंच. म्हणून तुम्ही एक युक्ती केलीत. जिथं जिथं भट्टी आहे असं कळेल तिथं एसटीनं जायचं आणि पिशवीतून दोन-दोन विटा घेऊन यायचं. कंडक्टर तुम्हाला ओळखायला लागला होता. तुम्हीच सांगितलं होतंत ओसरीवर, आत्याबाईंना, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं: "त्यो म्हंतो, बाबा, असं दोन-दोन इटंनी घर बांधता का काय? म्या म्हनलं, राव, घाई कुणाला हाय?" आत्याबाई हसल्या नाहीत. मी आत हसले. तुमचा मुलगा गेल्यानंतर मी त्या घरात पहिल्यांदा हसले ते तेव्हा, आणि मग तोंडावर पदर धरून रडले.

ओसरीच्या कडेनं त्या विटा तुम्ही ओळीनं मांडल्या. कुठल्या कुठली ते कळावं म्हणून खाली वेगवेगळी पानं ठेवलीत, एकीखाली वडाचं, एकीखाली आंब्याचं, एकीखाली करंजाचं. गवंडी आला, त्यानं वाजवून, ओरखडून, आपटून दाखवलं, आणि चहा पिऊन गेला. तो गेल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. मी दारात येऊन उभी राहिले, पदर पुढं ओढून.

"बघ, पोरी. ऱ्हायाचं तुला हाय. सांग कुठली घ्यायाची."

मी मान हलवली. तुम्ही वडाच्या पानावरची वीट उचलून दाखवलीत. मी मान हलवली. आंब्याच्या पानावरची दाखवलीत. तशीच मान हलवली. तुम्ही करंजाच्या पानावरची उचललीत आणि मग ती खाली ठेवलीत, जोरात.

"मान नको हालवू. मान बैल बी हालवतो. तोंडानं सांग."

तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "अवं, कशाला बोलताय तिला?" उन्हात तुमच्या कपाळावरची शीर दिसत होती. मला आत पळून जावंसं वाटत होतं, पण तुम्ही वाटच बघत राहिलात, कितीतरी वेळ. मग मी खाली बसले. एकेक वीट हातात घेतली. गवंड्यानं केलं होतं तसं नख लावलं. आंब्याच्या पानावरच्या विटेचा भुगा माझ्या नखात आला. मी म्हटलं, "ही नको. ही उकरती."

माझा आवाज मलाच घोगरा वाटला. तुम्ही वाकून ती वीट उचललीत, अंगणापलीकडं फेकून दिलीत, आणि म्हणालात, "गेली. पुढची?"

त्यानंतर मात्र तुम्ही एकटे गेला नाहीत. "हिला बी नेतो," म्हणालात. तेव्हा गावात बोलणं सुरू झालं. नळावर दोघीजणी आपसात बोलताना मी ऐकलं, की सासरा तरण्या सुनेला वेगळं घर बांधून देतोय, यात काय ते समजून घ्या. मी हंडा तसाच टाकून घरी आले. त्या दिवशी जेवले नाही. तुम्हाला कोणी काय सांगितलं मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही धोतर-पटका करून तयार होता आणि आत्याबाईंना म्हणालात, "तू बी चल. नातीला बी घे. समदीच जाऊ." आत्याबाई कुरकुरल्या, गुडघ्यांचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, आणि मग नवं लुगडं नेसून, पाण्याची कळशी काखेत घेऊन निघाल्या. एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या, तुम्ही पुढं उभे. गावातल्या बायका बघत होत्या. आत्याबाईंनी लेकीला मांडीवर घेतलं आणि खिडकीतून त्यांच्याकडं असं काही बघितलं, की त्यांनी माना वळवल्या.

नदीकाठची ती भट्टी मला अजून दिसते. घोडनदीचं पाणी लांबवर आटलेलं आहे, काठावर मातीचे खड्डे, आणि कच्च्या विटांच्या रांगा उन्हात वाळत पडल्यात. भाजायला लावलेल्या भट्टीच्या फटींतून धूर निघतोय, भाताच्या तुसाचा वास येतोय. तुम्ही भट्टीवाल्याशी बोलताय, आत्याबाई बाभळीच्या सावलीत पाय पसरून बसल्यात. माझ्याच वयाची एक बाई उकिडवी बसून साच्यात माती भरतेय, साचा उलटा करतेय, पुढं सरकतेय. तिचं तान्हं पोर झोळीत झोपलंय. माझी लेक तिच्या मातीशी खेळायला गेली, तशी मी तिच्यामागं गेले. ती बाई हात न थांबवता म्हणाली, "कुणाचं घर हाय, ताई?"

माझ्या तोंडावर तुमचं नाव आलं होतं. आमच्या सासऱ्यांचं, असं म्हणणार होते. पण मी म्हणाले, "माझं."

ती हसली. "मंग बघून घ्या."

एवढंच. ती पुढं सरकली. मी परत आले तेव्हा आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी ऐकलं होतं का, ते कधी कळलं नाही.

आता त्या ट्रॉलीचं सांगते. तुम्हाला ते सांगायची गरज नाही, तुम्ही तिथंच होता, पण माझ्या बाजूनं ते काय होतं, हे तुम्हाला कुठं माहीत असणार? आत्याबाईंच्या चुलतभावाची भट्टी होती, मंचरच्या पलीकडं. सगळ्यांना वाटत होतं विटा तिथूनच येणार. त्यांची वीट दिसायला फार सुरेख, एकसारखी लाल, कोपरे धारदार, वाजवली तर भांड्यासारखी वाजायची. नखाला दाद द्यायची नाही. तुम्हीही खूश होता, कारण विटाही चांगल्या आणि सोयरिकीतही गोडी राहील. मीही त्याच सांगितल्या असत्या. पण गवंडी म्हणाला होता, सगळ्या विटा एक रात्र पाण्यात ठेवून बघा, म्हणून मी घंगाळात पाणी भरून त्यात दोन-दोन बुडवून ठेवल्या.

सकाळी मी शेण काढत होते. आत्याबाई मागल्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "इकडं ये." त्यांचा आवाज वेगळा होता. मला वाटलं माझं काही चुकलं. त्यांनी घंगाळाकडं बोट केलं. त्यांच्या भावाच्या भट्टीची वीट एका बाजूनं फुटली होती, कुणी आतून ढकलल्यासारखी, आणि फुटल्या जागी चुनखडीचा पांढरा खडा फुलून बाहेर आला होता. दुसरीला तीन ठिकाणी तसेच फोड. बाकीच्या विटा जशाच्या तशा होत्या. आत्याबाईंच्या भावाची वीट, मी काय बोलणार? त्या तिथंच खाली बसल्या. ओल्या विटेवरून त्यांनी बोट फिरवलं, खडा दाबला, त्याचं पीठ झालं.

"माझ्या भावाची हाय म्हणून घिऊ नको," त्या म्हणाल्या. "भित्ताडात अशी फुटली तर काय करशील? पोरगी झोपंल तिथं."

तुमच्या मुलाला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, आणि आत्याबाई माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलत होत्या. मला वाटायचं त्यांच्या मनात मीच अपशकुनी आहे. कदाचित असेनही. पण त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून उठायला आधार घेतला, आणि उठल्यावरही तो थोडा वेळ सोडला नाही.

आपण नदीकाठच्या भट्टीची वीट ठरवली. ती दिसायला साधी, रंगानं थोडी काळपट, कोपरे जरा ओबडधोबड, पण पाण्यातून काढली तरी तशीच खणखणीत. तुम्ही मामांना, आत्याबाईंच्या त्या भावाला, नाही कसं म्हणायचं या विचारात दिवस ढकलत होता. तुम्हाला कुणाचं मन मोडता यायचं नाही, हा तुमचा स्वभाव. आणि तेवढ्यात एका सकाळी मामांचा ट्रॅक्टर विटांनी भरलेली ट्रॉली घेऊन थेट बराखीच्या जागेवर येऊन उभा राहिला. पुढं मोटारसायकलवर मामा, हातात नारळ. पारावरचे लोक उठून आले. मामा हसत म्हणाले, "दाजी, तुमी याल याल म्हणून वाट बघितली. म्हनलं आपणच जावं. बहिणीच्या दारात माझी ईट लागली न्हाई तर लोक मला काय म्हंतील?"

माणूस वाईट नव्हता, आबा. प्रेमानंच आणल्या होत्या त्यानं. म्हणून तर तुमचं तोंड उतरलं. तुम्ही पटका काढून हातात घेतलात, परत डोक्याला गुंडाळलात. ड्रायव्हर ट्रॉलीचं मागचं फळकं उघडायला लागला. तुम्ही म्हणालात, "बसा, बसा, आधी च्या घ्या," आणि मला दिसलं, की चहा होईल, नारळ फुटेल, आणि विटा उतरतील. त्या भिंतींत मी जन्मभर राहीन आणि दर पावसाळ्यात भिंतीकडं बघत बसेन. मी पदर नीट केला आणि पुढं झाले. एवढ्या पुरुषांपुढं मी कधी बोलले नव्हते. लग्नात नाव घेतलं होतं तेवढंच.

"मामा, फळकं उघडू नका. ह्या विटा मला नकोत."

मामांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. ते तुमच्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "पाण्यात फुटल्या. चुनखडी हाय आत. तुमी मनानं आणल्या, पर घर एकदाच व्हतंय. परत न्या."

पारावरून कुणीतरी म्हणालं, "आता बायका इटा बघणार व्हय?" कोणी हसलं. मामांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "एखादा खडा कुणाच्याबी इटंत निघतोच. ताई, तू सांग हिला." आणि सगळे आत्याबाईंकडं वळले. त्या माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. मला खरंच वाटलं, आता त्या भावाच्या बाजूनं बोलतील. इतक्या लोकांत भावाचा अपमान कोणती बहीण करेल? त्या म्हणाल्या, "दादा, घर तिचं हाय. तिला नगं तर नगं."

मग तुम्ही पुढं झालात. ट्रॉलीपाशी गेलात, अर्धवट उघडलेलं फळकं दोन्ही हातांनी उचललंत आणि कडी लावलीत. मामांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना मोटारसायकलपर्यंत सोडायला गेलात. तिथं तुम्ही काय बोललात ते आम्हाला ऐकू आलं नाही. नारळ ते तसाच घेऊन गेले. परत येताना तुम्ही माझ्या शेजारून गेलात आणि हळूच म्हणालात, "तोंड हाय म्हनायचं तुला." तुमच्या मिशीखाली हसू होतं.

त्याची किंमत आत्याबाईंनी दिली. त्या वर्षी भाऊबीजेला मामा आले नाहीत. आत्याबाईंनी ताट तयार केलं होतं, निरांजन लावलं होतं, दुपार उलटली तरी त्या दारात बसून होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तुझ्यामुळं न्हाई गं. त्याचा सोभावच तसा." भाऊजींच्या लग्नालाही ते आले नाहीत. मला आत तुटत होतं. मी भाऊजींकडून तुम्हाला निरोप दिला, की मी जाऊन पाया पडते. तुम्ही नको म्हणालात. पुढच्या भाऊबीजेला तुम्हीच आत्याबाईंना घेऊन त्यांच्या घरी गेलात, ओवाळणीचं ताट त्यांच्या पदराखाली झाकलेलं. मामा ओवाळून घ्यायला बसले. परत आल्यावर आत्याबाईंनी सांगितलं, की मामांनी माती घ्यायची जागा बदललीय, आता वीट फुटत नाही म्हणे. तुम्ही फक्त म्हणालात, "झालं की मग."

पण ते नंतरचं. त्याआधी घर झालं. काळ्या दगडाचा पाया, वर आपल्या विटा, मंगलोरी कौलं. रोज उजाडताच तुम्ही कालव्यावरून कावडीनं पाणी आणून भिंतींवर मारायचा. गवंडी म्हणायचा, "आबा, ऱ्हाऊ द्या, आमचा माणूस मारंल," तर तुम्ही म्हणायचा, "तुझा माणूस तहानलेल्याला पाणी दिल्यागत देतो का?" खोकला तुम्हाला तेव्हाच लागला होता. मी सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता का, माहीत नाही. मी सांगितलं नाही, कारण ओली भिंत बघताना तुमचं तोंड असं काही दिसायचं, की मुलगा गेल्यापासून ते तसं कधी दिसलं नव्हतं.

मी आणि लेक तिथं राहायला गेलो. काही महिन्यांनी अंगणवाडीत मला काम मिळालं. तुम्ही रोज संध्याकाळी यायचा, पण कधी सरळ आत आला नाहीत. रस्त्यावरच थांबून, "हाय का गं घरात?" असं विचारायचा. दार उघडं असायचं, मी तुम्हाला दिसत असायची, तरी विचारायचा. मी "या" म्हटलं की पायरीवर बसायचा. उंबऱ्याच्या आत तुम्ही फक्त सणाला आलात, आणि तेही मी बोलावलं तेव्हा. सुरुवातीला मला वाटायचं, लोकांच्या बोलण्यामुळं. खूप नंतर कळलं, की ते घर माझं आहे हे तुम्ही मला रोज एकदा सांगत होता.

तुमचा खोकला वाढला त्या हिवाळ्यात मी जुन्या घरी तुमच्यासाठी पेज घेऊन यायची. धाकट्या जाऊबाईंनी तुमचं फार केलं, हे लिहिलंच पाहिजे. एका दुपारी तुम्ही डोळे मिटून पडला होता. मी वाटी ठेवून निघाले तर म्हणालात, "पश्चिमेची भित पावसात ओल धरती का गं?" मी म्हटलं, "न्हाई, आबा. एक टिपूस न्हाई." तुम्ही मान हलवलीत. मी म्हटलं, "तोंडानं सांगा." तुम्ही इतके हसलात, की खोकल्याची उबळ आली आणि आत्याबाई धावत आल्या. मला सगळे रागं भरले. त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमचे दिवस झाले आणि आत्याबाई त्यांची पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात आल्या. "मला हितं झोप लागंल," म्हणाल्या. शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिल्या. लेक त्यांच्याजवळ झोपायची. त्या तिला सगळ्या गोष्टी सांगायच्या, पण ट्रॉलीची कधी नाही सांगितली. मीही नाही. भावाचा विषय होता ना.

आणि एक राहिलंय. त्यासाठीच हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. लेकीलासुद्धा नाही. वाचून झालं की चुलीत घालीन. लोक मला अजून विचारतात, नवऱ्याची आठवण येत असेल ना. मी हो म्हणते. फोटो आहे, त्याला रोज हार असतो. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. पण मध्ये एकदा, अंगणवाडीतून येताना, तो मला कशी हाक मारायचा हे आठवायचा मी प्रयत्न केला. रस्त्यात उभी राहिले. पुन्हा केला. घरी येऊन डोळे मिटून बसले. आलं नाही. तुम्ही त्याचे वडील, हे तुम्हाला सांगायला नको होतं. पण सांगायचं तर तुम्हालाच. तुमच्या मुलाचा आवाज मला आता आठवत नाही, आबा. तुमचा आठवतो.